पेडलच्या दोन वायरींबाबत

मी, वय वर्षे तेवीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा गॅरेजात नोकरी, गाड्यांचे वायरिंग आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचे काम, राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मामाच्या खोलीत. मूळ गाव इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. नाव आणि गावचा पत्ता ओळखपत्रावर आहे, त्याची प्रत जोडली आहे. गॅरेजात मला डॉक्टर म्हणतात. आज मी आपणहून ठाण्यात आलो आहे, मला कोणी बोलावले नव्हते. अंमलदार साहेबांसमोर बसून सांगतो ते असे की,

मागच्या सोमवारी लॉन्ड्रीच्या आवारात व्हॅन एकदम पुढे जाऊन इस्त्री विभागातल्या बाईंचा पाय मोडला. त्या व्हॅनचा चालक माझा सख्खा मामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ आहे. आपला पाय ब्रेकऐवजी रेसच्या पेडलवर पडला, असे मामाने त्याच्या जबाबात सांगितले आहे. ते खरे नाही. पण मामा खोटे बोलला असेही मला म्हणायचे नाही. त्याला तसेच वाटते आहे.

मला या शहरात कामाला मामानेच आणले. त्याआधी मी फरशीच्या कारखान्यात, मग बेकरीत, मग दोन गॅरेजांत काम केले आणि सगळीकडून निघालो. माझे बूड कुठे टेकत नाही असे आई म्हणते. मामा मला भिरभिरं म्हणतो. त्याने इथल्या मेस्त्रींना सांगितले की पोरगा उनाड आहे पण हात चांगला आहे, आणि मेस्त्रींनी मला ठेवून घेतले. हे जबाबात नको असे साहेब म्हणाले. मी म्हणालो, राहू दे.

व्हॅन लॉन्ड्रीच्या मालकीची आहे. जुनी, पण ऑटोमॅटिक, म्हणजे पायाखाली दोनच पेडल, ब्रेक आणि रेस. मामा त्या व्हॅनमधून हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी नेतो-आणतो. दुसऱ्या कोणाला चावी देत नाही. रोज निघायच्या आधी चारी टायरना लाथ मारून बघतो. हवा मोजायचे यंत्र मी त्याला आणून दिले आहे, तरी लाथच मारतो.

अपघाताच्या महिनाभर आधी व्हॅनचा पिवळा दिवा लागला आणि व्हॅन रांगायला लागली. रांगणे म्हणजे काय असे साहेबांनी विचारले, म्हणून सांगतो. पूर्वी रेसच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची, विषय संपला. आता तार नसते. पाय फक्त कळवतो. मधे कॉम्प्युटर असतो, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला स्वतःला काही दिसत नाही. ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात, ते त्याला सांगत राहतात. पाणी किती तापले, हवा किती आत आली, चाक किती जोरात फिरते आहे, पाय किती दाबला आहे. ते ऐकून इंजिनाला किती द्यायचे ते तो ठरवतो. हे सेकंदात किती वेळा चालते ते मला सांगता येणार नाही.

पाण्याचा सेन्सर चुकला तर फार तर गाडी जास्त पिते. पण पाय किती दाबला हे चुकून चालत नाही. म्हणून पेडलमध्ये एकाच्या जागी दोन सेन्सर असतात, दोघांच्या वायरी वेगळ्या. एकाने जेवढे सांगायचे त्याच्या बरोबर निम्मे दुसऱ्याने सांगायचे, अशी ठरवून रचना असते. कॉम्प्युटर दोघांचे जुळते का ते सारखे बघत असतो. जुळले नाही की तो कोणावरच विश्वास ठेवत नाही. पिवळा दिवा लावतो, आणि पाय कितीही दाबा, गाडीला बैलगाडीच्या चालीने घरापर्यंत जाऊ देतो. त्यालाच आम्ही रांगणे म्हणतो.

साहेब म्हणाले, म्हणजे दोन साक्षीदार वेगवेगळे तपासायचे. मी हो म्हणालो.

मामाच्या व्हॅनमधला दुसरा सेन्सर आतून झिजला होता. कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर ते लगेच दिसले. मेस्त्रींनी स्वतः बघितले आणि नवे पेडल मागवायला सांगितले. ते यायला आठवडा लागणार होता. मेस्त्री म्हणाले, तोपर्यंत रांगू दे, रांगणारी गाडी कोणाला मारत नाही.

तिकडे लॉन्ड्रीत मामाच्या फेऱ्या अर्ध्यावर आल्या होत्या. हॉस्पिटलवाले चादरींसाठी ओरडत होते. लॉन्ड्रीची पोरे व्हॅनच्या पुढे चालत जाऊन हात दाखवायची, या, या, या, म्हणायची. मामा हसून सोडून द्यायचा. मला ते बघवले नाही. आणि खरे सांगायचे तर मला ते काम करून बघायचेही होते. हे दुसरे कारणही लिहून घ्यावे.

मेस्त्री जेवायला गेल्यावर मी मामाला व्हॅन घेऊन गॅरेजात बोलावले. मामा बाहेर टायरवर बसला होता. मी पेडलखाली आडवा झालो आणि बिघडलेल्या सेन्सरची वायर कापून टाकली. मग चांगल्या सेन्सरच्या वायरीतून एक फाटा काढला, त्यात दाण्याएवढे दोन रेझिस्टन्स घालून वीज निम्मी केली, आणि तो फाटा दुसऱ्याच्या जागी कॉम्प्युटरला जोडून दिला. म्हणजे एकच सेन्सर दोन तोंडांनी बोलायला लागला. कॉम्प्युटरने बघितले, दोघांचे जुळते आहे. दिवा गेला. व्हॅन पळायला लागली.

हे मला कोणी शिकवलेले नाही. माझ्याच डोक्यातून निघाले. त्या वेळी मला त्याचा फार आनंद झाला होता.

जोड मी सोल्डर केला नाही. पिळला आणि टेप गुंडाळली. वर घालायची रबरी नळी घातली नाही, कारण मेस्त्री येण्याच्या आत उरकायचे होते. वायर जरा लांब राहिली होती ती कापली नाही. ती खाली लोंबत मॅटला टेकत होती. मामाच्या पायाखालची मॅट कायम ओली असते, कारण लॉन्ड्रीचे आवार सतत धुतलेले असते आणि तो त्याच बुटांनी गाडीत चढतो. हे मला माहीत होते. मी त्याच्याबरोबर रोज राहतो.

काय होते रे, असे मामाने विचारले. मी म्हणालो, प्लग सैल होता, बसवला. तो म्हणाला, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. खरे सांगितले असते तर त्याने ते तिथल्या तिथे काढायला लावले असते, म्हणून सांगितले नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगत होता की मेस्त्रीला जे आठवड्यात जमणार होते ते भाच्याने एका तासात केले. मी तिथेच उभा होतो. आठवड्याने नवे पेडल आले तेव्हा मेस्त्रींनी विचारले. मी म्हणालो, गरज नाही, प्लग सैल होता. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले आणि पेडल फळीवर ठेवून दिले. ते अजून खोक्यातच आहे.

सोमवारी सकाळी मी गॅरेजात होतो. अपघात मी डोळ्यांनी बघितलेला नाही. मामाकडून आणि तिथल्या लोकांकडून कळले ते असे. मामा व्हॅन माल चढवायच्या ओट्याला लावत होता. इस्त्रीवाल्या बाई ओल्या चादरींची ढकलगाडी घेऊन समोरून चालल्या होत्या, म्हणून तो थांबला. थांबला म्हणजे ब्रेकवर हलका पाय ठेवून थांबला, रोज थांबतो तसा. तेवढ्यात इंजिन किंचाळले आणि व्हॅनने उडी घेतली. मामाने पाय दाबला, चावी फिरवली, व्हॅन बंद पडली. पण तोपर्यंत ढकलगाडी ओट्यावर आपटली होती आणि बाई मधे सापडल्या होत्या. ढकलगाडी चादरींनी भरलेली होती म्हणून पायावर निभावले. इंजिनाचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. म्हणून पाय रेसवर होता असे सगळेच म्हणाले. मामा एकटा म्हणत होता की पाय ब्रेकवर होता. दुपारपर्यंत तोही म्हणायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला इन्स्पेक्टर येणार होते. ते येण्याच्या आधी मी लॉन्ड्रीत गेलो आणि पेडलखाली वाकलो. टेप भिजून सुटली होती. आत तांबे हिरवे पडले होते. शेजारून सेन्सरला वीज पुरवणारी वायर जाते, ती मी टेप गुंडाळताना खरवडली होती, आणि पाण्यातून तिची वीज माझ्या जोडात उतरत होती. म्हणजे पाय नसताना सेन्सरच्या वायरीवर भरपूर वीज गेली. पाय पूर्ण दाबला आहे असे कॉम्प्युटरने ऐकले. त्याने दुसऱ्याला विचारले. दुसरा मी बनवलेला होता. त्यानेही तेच सांगितले. ब्रेक आणि रेस एकदम आले तर रेस तोडायची सोय नव्या गाड्यांत असते, या व्हॅनमध्ये नाही. त्यामुळे कॉम्प्युटरची यात काही चूक नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले.

मी फडक्याने जोड पुसून कोरडा केला. लोंबणारी वायर वर खोचली. नवी टेप मारली. जुनी काळी होती, माझ्याकडे निळी होती, ती मारली. जुनी टेप खिशात घातली. ती आज सोबत आणली आहे आणि साहेबांच्या ताब्यात दिली आहे.

इन्स्पेक्टर साहेबांनी काम नीट केले, त्यांचा दोष नाही. त्यांनी ब्रेक तपासला, तो चांगला होता. मग त्यांनी गॅरेजातून स्कॅनर मागवला. स्कॅनर चालवणारा मीच. मी तो जोडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. कॉम्प्युटरमध्ये एकही दोष नोंदलेला नव्हता. असणारच नव्हता. दोघांचे जुळत नसेल तरच तो दोष नोंदवतो, आणि न जुळण्याची सोय मी ठेवलीच नव्हती. पेडलला आधी कोणी हात लावला होता का, असे त्यांनी मुद्दाम विचारले. मामा म्हणाला, पिवळा दिवा लागायचा साहेब, माझ्या भाच्याने नीट केला, त्याचं काम म्हणजे बघायला नको. इन्स्पेक्टर साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, प्लग सैल होता, तो बसवला, बाकी कशाला हात लावलेला नाही. ते म्हणाले, मग गाडी ठीक आहे. मामाने मान हलवली.

त्यानंतर मामाला कामावर येऊ नको असे सांगण्यात आले. केस उभी राहिली तर लायसन जाईल, असे त्याला लॉन्ड्रीच्या मॅनेजरने सांगितले. आईला फोन मी केला. मामाचा पाय चुकला असे मीच तिला सांगितले. आई मग मामाशी बोलली. खोली लहान आहे, फोनमधले सगळे ऐकू येते. आई म्हणाली, दादा, वय झालं आता, कोणाचा तरी जीव जायच्या आत गाडी सोड, पोरगा आहे ना कमवायला. मामा हो हो म्हणत होता. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. कपडे आधीच वाळलेले होते.

मामा त्या आठवड्यात खाटेच्या कडेला बसून पाय हलवायचा. दोन चपला समोर ठेवायचा, डावी ब्रेक, उजवी रेस. डोळे मिटून पाय एकीवरून दुसरीवर न्यायचा आणि मग डोळे उघडून बघायचा कोणत्या चपलेवर आहे ते. एकदाही चुकला नाही. तरी पुन्हा करायचा. मी आलो की चपला खाटेखाली सारायचा. पायाच्या नसांच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. त्यांनी पायात काही नाही असे सांगितले, तर म्हणाला, यांना नीट सापडलं नसेल.

काल मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलात बाईंना बघायला गेलो. तो रोज जातो, मी काल पहिल्यांदा गेलो. बाईंच्या पायात सळ्या घातल्या आहेत. पुन्हा उभे राहून इस्त्री करता येईल की नाही हे अजून डॉक्टर सांगत नाहीत. त्या मामाला म्हणाल्या, रोज कशाला येता भाऊ, इथल्या चादरी आपल्याकडच्याच आहेत, कडक इस्त्री आहे, तक्रार नाही. मामा हसला नाही. मग त्यांनी मला विचारले, तुम्हीच का ते गाडीचे डॉक्टर? मामांच्या पायाला पण एक दिवा बसवा, चुकला की लागेल. मी हो म्हणालो. पाणी आणतो म्हणून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहिलो. पाणी आणले नाही.

परत येताना मामा रस्त्यात थांबला. तो मला म्हणाला, "तू रोज गाड्या बघतोस. खरं सांग. पाय ब्रेकवर आहे असं माणसाला वाटतं आणि तो नसतो, असं होतं का?"

मी म्हणालो, "होतं मामा. वयाने होतं."

वयाने हा शब्द मी माझ्या मनाने घातला. त्याने विचारला नव्हता.

आज सकाळी मामा लवकर उठून दाढी करून बसला होता. समोर लायसन ठेवले होते, रुमालात बांधून. ते इथे ठाण्यात जमा करायला तो निघाला होता. केस व्हायची वाट कशाला बघायची, असे म्हणाला. व्हॅनची जास्तीची चावी त्याच्याकडे असते, तीही त्याने रुमालात घातली होती. गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली. तेव्हा मी त्याला सांगितले. पेडल, वायरी, ओली मॅट, निळी टेप, सगळे. त्याला वायरींचे कळत नाही, म्हणून मी दोन चपला घेऊन दाखवायला लागलो. तो म्हणाला, चपला ठेव खाली.

मग बराच वेळ तो आपल्या पायाकडे बघत होता. मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो. लहानपणी आईपेक्षा त्याचाच मार मी जास्त खाल्ला आहे. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे पाय ब्रेकवरच होता."

मी हो म्हणालो. त्याने पुन्हा तेच म्हटले, मला नाही, आपले आपणच. मग उठून रुमाल सोडला आणि लायसन खिशात ठेवले. मी विचारले, तू येतोस का ठाण्यात. तो म्हणाला, मी आधी बाईंकडे जाऊन येतो, त्यांना सांगितलं पाहिजे, तू तुझं सांगून ये. भिरभिरं म्हणाला नाही. आज सकाळपासून त्याने मला कोणत्याच नावाने हाक मारलेली नाही.

साहेबांनी विचारल्यावरून पुढे सांगतो की, हा जबाब देण्यासाठी मामाने किंवा दुसऱ्या कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. मेस्त्रींना यातले काही माहीत नव्हते, त्यांनी उलट रांगू दे असेच सांगितले होते. व्हॅन लॉन्ड्रीच्या आवारात उभी आहे. पेडलच्या वर डाव्या हाताला वायरींच्या जुडग्यात निळी टेप दिसेल. त्याला कोणी हात लावण्याआधी फोटो काढावा, आणि स्कॅनर दुसऱ्या गॅरेजातला आणावा. तो जोड मी सोडवून दाखवायला तयार आहे, पण मी एकट्याने तो सोडवू नये असे मला वाटते.

वरील मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवले. एका ठिकाणी मामाचे वय लिहिले होते, त्याची गरज नाही म्हणून ते खोडले. दुसरे, जिथे मी वायर कापली तिथे साहेबांनी आपल्या मनाने "चुकून" असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला. साहेब म्हणाले, राहिला तर तुझ्याच फायद्याचा आहे. तरी काढायला लावला. आता जे उरले आहे ते मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे. खाली माझी सही.